पहिल्या पसंतीचं कॉलेज

आमच्या खानदानात सरकारी मेडिकल कॉलेजला पहिला नंबर लागला तो माझ्या बायकोचा. क्लास लावला नाही, परीक्षा दिली नाही, मेरिट लिस्टची वाट बघितली नाही. एक अर्ज भरला, त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या, झालं. आत जाताना पांढऱ्या कोटातली पोरं दोन्ही बाजूंना हात जोडून उभी होती. एवढा मान मंत्र्याच्या सासऱ्यालासुद्धा मिळत नसेल. फरक इतकाच, की ती आडवी आत गेली.

हे सांगितलं की लोक आधी हसतात. मग हसू अर्ध्यावर थांबतं आणि त्या तोंडाचं पुढं काय करायचं ते त्यांना कळत नाही. मलाही कळत नाही, म्हणून मी बोलत राहतो.

बोलणं हाच माझा धंदा. नव्या जालन्यातल्या एका बियाणं कंपनीच्या प्रचारगाडीवर मी उभी हयात भोंग्यात बोललो. सरकीचं आमचं बी पेरा आणि वेचणीला शिडी घेऊन या, असं मी बाजारात ओरडायचो. एकदा बोलण्याच्या भरात एका बोंडात एक गादी भरते असं सांगितलं, तर पुढच्या बाजाराला एक म्हातारा गादीची रिकामी खोळ घेऊन गाडीपुढं उभा. माझा आवाज भोकरदनला निघायचा आणि वाऱ्याची दिशा बराबर असली तर मस्तगडात आमच्या घरात चहाला आधण ठेवलं जायचं. बायको म्हणायची, "तुमच्या बोलण्यातलं पाणी काढलं तर खाली दूध उरंल का हो?"

ती ब्लाउज शिवायची. ठेंगणी, पायडलला पाय पुरावा म्हणून यंत्राखाली पाट घेऊन बसायची. डाव्या हाताच्या पहिल्या बोटातून एकदा यंत्राची सुई आरपार गेली होती, तेव्हापासून ते नख दुभंगूनच वाढायचं. लहानपणी सांध्यांचा ताप येऊन गेला होता आणि त्या तापानं जाता जाता हृदयाची एक झडप कुरतडली होती. चार पायऱ्या चढली की दम लागायचा. तिला घेऊन सरकारी दवाखान्यात जायचं हे आमचं ठरलेलं काम. तिथं नवं मेडिकल कॉलेज सुरू झालं आणि पहिल्या वर्षाच्या पोरांना डॉक्टर लोक ओपीडी दाखवायला आणू लागले. तिथून हिचं नशीब फळफळलं.

बिघडलेल्या झडपेतून रक्त जाताना जो आवाज होतो त्याला डॉक्टर लोक मर्मर म्हणतात. हिची मर्मर अशी खणखणीत, की सरांनी एका सोमवारी विचारलं, "मावशी, मुलांनी ऐकलं तर चालेल का?"

"ऐका की," ही म्हणाली. "नवऱ्यानं तर कधी ऐकलं न्हाई."

त्या दिवसापासून ओपीडीत हिच्याभोवती दर्ग्याच्या उरुसासारखी गर्दी. पोरं रांग लावून छातीला नळी लावायची. एका पोरीला काही केल्या ऐकू येईना, ती रडकुंडीला आली. हिनं तिचा हात धरून नळी जरा डावीकडं सरकवली, श्वास रोखला, डोळ्यांनीच विचारलं, 'आलं?' पोरगी उडीच मारायची राहिली. घरी येताना रिक्षात ही अशी बसली होती जणू तिनंच ते कॉलेज काढलंय. "शंभर डॉक्टरांची मी गुरू," म्हणाली. मी म्हणालो, "माझ्यावर गेलीस. पन्नास कमी कर."

त्याच पोरांपैकी कुणीतरी तिला सांगितलं, की नव्या कॉलेजात शिकायला देह कमी मिळतात. एका देहाभोवती इतकी पोरं उभी राहतात की मागच्यांना पुढच्यांच्या पाठीच दिसतात. हे तिच्या मनात असं रुतलं, की भाकरी थापता थापता ती थांबायची.

आमची पोरगी तेव्हा संभाजीनगरला सरकारी फार्मसीत होती. बारावीनंतर मेडिकलला थोडक्यात हुकली, तर आम्ही म्हणालो, ही तर ही, सरकारी जागा आहे, खर्चा कमी आहे, घे. तिनं घेतली. पण शनिवारी घरी आली की बॅगेतून फार्मसीच्या वह्यांखाली मेडिकलच्या परीक्षेची पुस्तकं निघायची. आम्ही बघितलं न बघितल्यासारखं करायचो. अशाच एका शनिवारी जेवताना बायको म्हणाली,

"मी ठरवलं. मेल्यावर मी कॉलेजला जाणार."

"कोणत्या?" मी विचारलं. मला वाटलं चेष्टा चाललीय.

"ह्याच, इथल्या. लेकीचा नंबर लागना ना, मंग मी जाते पुढं. एसटीत कसं करतो आपण? एकानं खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची, लेकरंबाळं मागून चढतेत. मी रुमाल टाकून ठेवते. तू ये मागून, बाई."

पोरीनं ताट सरकवलं. "आई, काय अभद्र बोलून राह्यली तू? जेवू दे ना."

"जेव की. मी कुठं आत्ताच निघाले?"

ती निघाली त्याच हिवाळ्यात. दुपारची वेळ, एका नवरीच्या ब्लाउजच्या बाह्या टाचत होती. मी बाजारातून मेथी घेऊन आलो तर यंत्रावर डोकं ठेवलेलं. मी म्हणालो, "अगं, झोपायचंच तर आत जाऊन झोप." मेथी निवडून झाली तरी ती उठली नाही.

पिंपळगाव रेणुकाईहून माझी थोरली बहीण, आमची आक्का, रडत रडत आली. दारातच तिनं विचारलं, "माती कधी हाय?"

"माती न्हाई, आक्का. कॉलेज हाय."

तिनं माझ्या खांद्यावर चापट मारली. "मेल्या, आज तरी थट्टा करू नको रे!"

जन्मभर इतकं काही सांगून ठेवलं होतं, की आता माझं खरं कुणी घेईना. कॉलेजची गाडी दारात आली तेव्हा आक्काला पटलं, आणि मग जो तिनं हंबरडा फोडला तो मस्तगडाच्या चौकापर्यंत गेला असेल. आवाज आमच्या घराण्यातच आहे. भंतेजींनी पाठ घेतला, मेणबत्त्या लावल्या, पोरीनं आईच्या पायांवर पांढरी फुलं ठेवली आणि गाडीचं दार लागलं. जलदान विधीच्या दिवशी आक्का माझ्याजवळ येऊन बसली.

"राख न्हाई, माती न्हाई. मंग मी रडायचं कुठं जाऊन, सांग?"

"ओपीडीत जा. केसपेपर काढ, लायनीत उभी राह्य."

तिनं पदरानं मला झोडपलं आणि त्याच पदरात तोंड खुपसून माझ्याच गुडघ्यावर रडली.

पोरीनं त्या वर्षी काय अभ्यास केला म्हणता! पुस्तकांनी हात जोडून सांगितलं असेल, की बाई, आमच्यात आता काही उरलं नाही. फार्मसीचे पेपर दिले आणि मेडिकलची परीक्षाही दिली. मार्क चांगले आले. मग कॉलेजांची पसंती भरायची होती, कोणतं आधी, कोणतं नंतर. मस्तगडातल्या ऑनलाईन सेंटरवर ती एकटीच जाऊन भरून आली. मला म्हणाली, "पप्पा, तुम्ही नका येऊ. तुम्ही सेंटरवाल्याला बोलण्यात गुंतवता अन् सर्व्हर बंद पडतो."

पहिल्या फेरीत काही लागलं नाही. दुसऱ्या फेरीत लागलं, आपल्या गावचं कॉलेज.

मी पेढे घेऊन गल्लीत असा फिरलो की कुत्र्यांनासुद्धा अभिनंदन करावं लागलं. समोरचे मारवाडी काका म्हणाले, "घर की रोटी, घर की डॉक्टर. और क्या चाहिए?" मीही तेच म्हणत होतो. हॉस्टेल नाही, मेस नाही, पोरगी डोळ्यांपुढं. घरी येऊन उरलेला पेढा बायकोच्या फोटोपुढं ठेवायला गेलो आणि तिथंच हात थांबला.

मेडिकलच्या पहिल्या वर्षाला काय शिकवतात हे मला पाठ होतं. बायकोनंच ते मला दहा वेळा सांगितलं होतं.

पोरगी स्वयंपाकघरात भाकरीचं पीठ मळत होती. मी दारात उभा राहून विचारलं, "हे कॉलेज तू कितव्या नंबराला टाकल्तं?"

"पहिल्या."

"संभाजीनगर होतं, नांदेड होतं. मार्क बसत होते."

"हाव."

"मंग?"

तिनं वर बघितलं नाही. "ती म्हणल्ती ना, मागून ये."

मी भोंग्यावरचा माणूस. पाचशे माणसांच्या बाजारात मला कधी शब्द कमी पडला नाही. त्या एका पोरीपुढं माझ्याकडून निघालं ते एवढंच, की पीठ पातळ होऊन राह्यलं, पाणी कमी टाक.

आता मागं फिरायचीही सोय नव्हती. दुसऱ्या फेरीत लागलेली जागा सोडली, की पुढच्या फेऱ्यांतून नाव बाद. मग पुन्हा परीक्षा, पुन्हा वर्ष. फार्मसीचं ॲडमिशन रद्द करून मूळ कागदपत्रंही तिनं काढून आणली होती.

शरीररचना विभागाच्या प्रमुख बाई होत्या. त्यांना भेटायला मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. सुरुवात गमतीनं करायची ठरवली होती. "मॅडम, माझी बायको तुमच्याकडं शिकवायला हाय, अन् आता लेक शिकायला येऊन राह्यली."

मॅडम हसल्या नाहीत. खुर्ची पुढं ओढून म्हणाल्या, "बसा. ब्लाउज शिवणाऱ्या मावशी ना?"

मी बसलो. म्हणालो, "तुम्हाला माहीत हाय?"

"आमच्याकडे नाव लावत नाहीत, नंबर असतो. पण त्या आल्या तेव्हा मुलांनी त्यांना ओळखलं. ओपीडीत त्यांचं हृदय ऐकलं होतं ना मुलांनी. एक मुलगी तर बाहेर जाऊन बसली. मग त्या मुलांसमोर त्यांना टेबलावर कसं घेणार? म्हणून आम्ही त्यांना पुढच्या बॅचसाठी ठेवलं."

पुढची बॅच म्हणजे माझी पोरगी.

"दुसऱ्या टेबलावर ठेवता येईल पोरीला?" मी विचारलं.

"हॉल एकच आहे, काका. मुलगी इथं येणार असेल तर मावशींना दुसऱ्या कॉलेजला पाठवावं लागेल. तशी सोय असते, परवानगी घेऊन. दोघी इथं नाही राहू शकणार."

"दुसऱ्या कोणत्या?"

"ते नाही सांगता येणार. कुटुंबाला आम्ही सांगत नाही. लोक तिथं जाऊन दाराशी उभे राहतात हो. त्यांनाही त्रास, मुलांनाही."

मी म्हणालो, पोरीशी बोलतो. बोललो. पोरगी माझ्या आधी चपला घालून दारात उभी.

मॅडमच्या खोलीत ती बसलीच नाही. खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरून म्हणाली, "मॅडम, मी तिच्याकडं बघणार न्हाई. मला सगळ्यात लांबचं टेबल द्या. पण तिला हलवू नका. ती फक्त ह्या बिल्डिंगीत असू द्या."

"बेटा, चेहरा झाकलेला असतो. तू चेहरा बघणार नाहीस, मला मान्य आहे." मॅडमचा आवाज बारीक होता. "हात कसे होते आईचे?"

"साधेच. बारीक. डाव्या हाताच्या पहिल्या बोटात सुई गेल्ती, तर नख मधून असं..." तिनं स्वतःचं बोट पुढं केलं, दुसऱ्या हाताच्या नखानं त्यावर रेघ ओढली, आणि ती रेघ अर्ध्यातच राहिली.

पंखा फिरत होता. बाहेर कुणीतरी लादी पुसत होतं, बादली सरकवल्याचा आवाज आला. मॅडमनी तिचं बोट हलकेच मिटवलं आणि चेहरा झाकला तरी हात उघडे राहतात हे पोरीला कळलं.

मग ती माझ्याकडं वळली. "मंग मी सोडते सीट. ती आधी आल्ती. तिला इथंच यायचं होतं, पप्पा. तिची ओपीडी इथं, तिची पोरं इथं. मी पुढच्या वर्षी परत देते परीक्षा. मला काई न्हाई त्याचं."

ती हे मनापासून बोलत होती. मला माहीत होतं, मी हो म्हणालो असतो तर तिनं त्याच दिवशी नाव काढलं असतं. आणि मला तर हो म्हणायचं होतं. माझी बायको माझ्या घरापासून सायकलच्या अंतरावर होती. संध्याकाळी फिरायला निघालो की मी कॉलेजच्या फाटकावरून जायचो आणि मनातल्या मनात दिवसभराचं सांगून यायचो, थोडं वाढवून. हे मी पोरीला सांगितलं नव्हतं, आक्काला तर बिलकुल नाही. आता तिला कुठं पाठवणार ते मला कळणारसुद्धा नव्हतं.

मी म्हणालो, "बाई, एसटीत रुमाल टाकून जागा धरणारा माणूस काय करतो? मागचं लेकरू चढलं की बसून राहतो का?"

"पप्पा..."

"उठतो. लेकराला बसवतो अन् आपण पुढं सरकतो. तिला एवढं कळत होतं. ती अडून बसणारी बाई न्हाई."

पोरीनं खुर्ची सोडली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मॅडमनी कागद पुढं केला. मी सही केली. सही नीट आली. लग्नात मुंडावळ्या सांभाळता सांभाळता केलेलीसुद्धा एवढी नीट आली नव्हती.

आक्काला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "जन्मात नोकरी केली न्हाई बिचारीनं, अन् मेल्यावर बदली! कुठं झाली म्हणलास?"

"माहीत न्हाई."

"ऑर्डर न्हाई दिली?"

"न्हाई दिली, आक्का."

नाक ओढून ती म्हणाली, "अर्ज कर म्हणावं तिला, परत यायचा." फोन तसाच चालू राहिला.

कधी नेणार ते मॅडमनी सांगितलं नव्हतं, मी विचारलंही नव्हतं. पण कॉलेजच्या फाटकासमोर चहाची टपरी आहे. तिथं मी सकाळी जाऊन बसायला लागलो. टपरीवाल्याला वाटलं माझं कुणी ॲडमिट आहे. आतून बंद गाडी बाहेर निघाली की मी उठून हात जोडायचो. नक्की कोणती ते माहीत नव्हतं, म्हणून एकही सोडली नाही. त्यात औषधांची गाडी होती, ऑक्सिजनच्या नळकांड्यांची होती, दवाखान्याच्या चादरी धुवायला नेणारी होती, आणि एक तर महापालिकेची कचऱ्याची होती. तिचा ड्रायव्हर चरकला. गाडी थांबवून म्हणाला, "काका, निवडणुकीला उभे राह्यले का?"

"हाव," मी म्हणालो. "ध्यान असू द्या."

त्यातल्याच कुठल्या तरी गाडीतून ती गेली असेल. की माझ्या हात जोडण्याच्या आधीच, पहाटे? मला माहीत नाही.

कॉलेज सुरू झालं. पोरीचा पांढरा कोट घरीच शिवला गेला असता, पण घरातल्या यंत्रावर कुणी बसत नव्हतं, म्हणून बाजारातून तयार आणला. बाह्या लांब निघाल्या, तिनं त्या दुमडल्या. हॉलमध्ये जायचा त्यांचा पहिला दिवस होता, त्या संध्याकाळी ती घरी आली, न बोलता मोरीत गेली आणि बराच वेळ हात धूत राहिली. साबणाचा वास आला, त्याच्या खालून दुसरा वास आला. मी बटाट्याची भाजी केली होती. तिखट जास्त झालं होतं.

ताटावर बसल्यावर ती आपणहून म्हणाली, "एक आजोबा हायेत आमच्या टेबलावर. सगळ्यांनी उभं राहून शपथ घेतली, त्यांचा मान राखू म्हणून. मंग मॅडमनी कापड काढलं."

"भ्यालीस?"

"न्हाई." भाकरी पुढं ओढत, "कुणाचे तरी पप्पा असतील."

"असतील."

तिनं भाकरीचा तुकडा मोडला, खाल्ला नाही. बोटात फिरवत राहिली. "आईला नेलं ते कॉलेज कसं हाय हो?"

मॅडमचं माझ्याशी जे बोलणं झालं होतं, त्यातलं 'कुठं ते सांगता येणार नाही' एवढंच वाक्य मी पोरीपर्यंत पोचवलं नव्हतं. सही मी केली म्हणजे मला माहीत असणार, असं ती धरून चालली होती.

"चांगलं हाय," मी म्हणालो.

"पोरं कशी हायेत?"

"मेरिटची. मी कटऑफ बघितला ना. आपल्या कॉलेजाहून वर हाय."

"खरं?"

"बराच वर. ऐऱ्यागैऱ्याचं काम न्हाई तिथं."

तिनं तो तुकडा तोंडात घातला. "अन् मॅडम?"

"मॅडम न्हाई, सर हायेत. म्हातारे. लई मायाळू. पोरांनी जरा आवाज केला की बाहेर काढतेत."

ती मान हलवत होती. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण ते तिखटाचंही असू शकेल, मी भाजीच तशी केली होती. मी तिच्या ताटात अजून एक भाकरी टाकली आणि सांगत राहिलो. हॉलला पूर्वेकडून मोठ्या खिडक्या आहेत, बाहेर कडुलिंबाचं झाड आहे, उन्हाळ्यातसुद्धा आत गार असतं, आणि शपथेच्या दिवशी तिथली पोरं येताना प्रत्येकी एकेक फूल घेऊन येतात. ती जेवत होती तोवर मी थांबलो नाही.